बोरखेडच्या पाच बाटल्या

६ जानेवारी, सोमवार. अमरावती

चौदा वर्षं या नेत्रविभागात लोकांच्या चष्म्याचे नंबर काढले. आजपासून त्याच मजल्यावर, टोकाच्या खोलीत बसून औषध-चाचणीची टीम सांभाळायची. टीम म्हणजे मला धरून चार जण. आचल नोंदी कॉम्प्युटरवर चढवते, अमोल औषधाचा साठा पाहतो. धम्मदीप तायडे अकोल्याच्या केंद्रावर असतो, तोच गावोगाव फिरून पेशंट आणतो. वर डॉ. रागिणी बोंडे. सही त्यांची, धावपळ माझी.

चाचणी काचबिंदूच्या नव्या थेंबांची आहे. औषध एकच, ताकदी तीन: कमी, मध्यम, जास्त. बाटल्या दिसायला अगदी एकसारख्या, वर फक्त नंबर. कोणाच्या वाट्याला कोणती ताकद आली हे पेशंटला, मला, डॉक्टरांनाही माहीत नसतं. दर महिन्याला डोळ्याचा दाब मोजायचा. एकवीसच्या आत असला की ठीक.

जुनी खोली सोडताना थोडं वाईट वाटलं. तक्ता पाठ करून येणारे पेशंट ओळखायला मला तिथे दोन वर्षं लागली होती. बाहेर बाकावर बसून दुसऱ्याचं ऐकतात आणि आत येऊन धडाधड म्हणून दाखवतात. वाईट हेतू नसतो. नापास व्हायचं नसतं, एवढंच.

१३ जानेवारी, सोमवार

महिनाअखेर चाळीस पेशंट हवेत. आहेत पस्तीस. डॉ. बोंडे काही म्हणत नाहीत, पण रोज एकदा आकडा विचारतात.

दुपारी धम्मदीपचा फोन आला. अकोटच्या अलीकडे बोरखेड आहे, तिथले पाच जण तपासणीत बसतात, पण एकाच्याही घरी फ्रिज नाही. थेंब थंड ठेवावे लागतात, त्यामुळे फॉर्मवर तो प्रश्न आहेच. मी त्याला सांगितलं, फ्रिजवरून माणूस सोडायचा नाही, मार्ग काढा. तो म्हणाला, काढतो.

हुशार आहे. त्याला फार समजवावं लागत नाही.

२३ जानेवारी, गुरुवार. अकोला

सकाळच्या गाडीने अकोल्याला आले. बोरखेडचे पाचही जण हजर होते. नत्थुजी म्हणून एक आहेत, खाली बसताना सुद्धा टोपी नीट करणारे. आणि दुर्गाबाई खंडारे, वय बासष्ट. डाव्या डोळ्याने समोर हात हलवलेला कळतो, तेवढंच. उजव्यावर सगळं चाललंय. त्या नियमात बसतात का हे डॉक्टरांनी दोनदा पाहिलं. बसतात.

संमतीचा फॉर्म मी वाचून दाखवायला लागले तर त्यांनी तो हातातून काढून घेतला. पन्नाशीत प्रौढ वर्गात वाचायला शिकल्या. आता दरवर्षी आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने, वर्षावासात, विहारात ग्रंथाचं वाचन त्याच करतात. गावातल्या बाया ऐकायला बसतात. फॉर्मची अक्षरं बारीक होती, डोळ्याजवळ नेऊन चार ओळी वाचल्या आणि परत दिला.

"मले दुसरं काई नाही पाहिजे," त्या म्हणाल्या. "आखाडीपासून वाचता आलं पाहिजे. माह्यावाचून तिथं कोनी वाचणारं नाही."

मी सांगितलं, दाब खाली राहिला तर नजर आहे तेवढी टिकेल. गेलेली परत येणार नाही. त्या म्हणाल्या, टिकली तरी पुरे.

चाळीस पूर्ण झाले. डॉ. बोंडेंनी पेढे मागवले.

२० फेब्रुवारी, गुरुवार. अकोला

पहिला महिना छान. दुर्गाबाईंचा दाब सव्वीसवरून सोळा. नत्थुजींचा पंचवीसवरून तेवीस, म्हणजे फारसा फरक नाही.

खरं कौतुक बोरखेडच्या तापमानाच्या तक्त्यांचं. रोज सकाळ-संध्याकाळ घरच्या फ्रिजचं तापमान लिहायचं असतं. शहरातले शिकलेले पेशंट चार-चार दिवस विसरतात. बोरखेडचे पाचही तक्ते पूर्ण, एक रकाना रिकामा नाही, अक्षरसुद्धा वळणदार. चार अंश, चार अंश, पाच अंश. आचलला म्हटलं, हे तक्ते नमुना म्हणून भिंतीवर लाव.

५ मार्च, बुधवार

कंपनीचा मॉनिटर कुलदीप आला होता. पुण्याचा मुलगा, बोलतो गोड पण कागद सोडत नाही. भिंतीवरचे तक्ते बघून मोबाइलमध्ये फोटो काढला. जाताना म्हणाला, असंच चाललं तर पुढची चाचणीही इथेच येईल आणि टीम वाढेल. अमोलने ते लगेच घरी कळवलं असणार. त्याचं लग्न ठरतंय.

२० मार्च, गुरुवार. अकोला

नत्थुजींचा दाब सतरा! दुर्गाबाईंचा मात्र एकवीस. सोळाचे एकवीस कसे? विचारलं, थेंब रोज टाकता का? हो म्हणाल्या. रिकाम्या बाटल्यांचं वजन अमोलने केलं, पाचही बरोबर. बाटली तर वापरली गेलीये. कदाचित डोळ्यात कमी आणि गालावर जास्त पडत असेल. धम्मदीपला म्हटलं, थेंब कसा टाकायचा हे त्यांना पुन्हा शिकवा.

२४ एप्रिल, गुरुवार. अकोला

बाहेर चव्वेचाळीस अंश. केंद्रातला कूलर नुसता आवाज करतो.

दुर्गाबाई पंचवीस. नत्थुजी पंधरा. एकाच गावचे, एकाच जीपने येतात. एक माणूस सांगितलेलं ऐकतो, दुसरं ऐकत नाही, याला चाचणी काय करणार?

डॉ. बोंडे फोनवर म्हणाल्या, बाईंना चाचणीतून बाहेर काढू आणि नेहमीचं औषध सुरू करू. मी म्हटलं, मॅडम, औषधाचा दोष नाही, बाई नियमित टाकत नाहीत. एक महिना द्या, मी त्यांच्याशी बोलते. त्या म्हणाल्या, तुझी खात्री आहे ना? मी हो म्हटलं.

मग दुर्गाबाईंशी जरा कडक बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. लुगड्याच्या पदराने डोळा टिपला, पण रडत नव्हत्या. थेंबाने पाणी येत होतं.

८ मे, गुरुवार

बोरखेडचे तक्ते आले. आठवडाभर तालुक्यात लाइट जात होती असं पेपरात होतं. तक्त्यात एके दिवशी अकरा अंश लिहिलंय. तेही पाचही जणांच्या, एकाच दिवशी. खरं लिहितात बिचारे.

२२ मे, गुरुवार. अकोला

एकोणतीस.

तीनदा मोजला. नजरेचा घेर मोजायच्या मशीनवर बसवलं. उजव्या डोळ्यात मध्याच्या डावीकडे एक डाग आलाय. जानेवारीच्या कागदावर तो नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले, परत परत.

आवाज चढला माझा. बाहेरच्या बाकापर्यंत गेला असेल. तुम्हाला वाचायचंय ना, मग थेंब का टाळता, असं काहीसं बोलले. दुर्गाबाई स्टुलावरून उठल्या, पिशवी घेतली.

"मी रोज टाकतो बाई. सात वाजता, साऱ्यांच्या संगं. तुमाले खोटं वाटते तं येऊन पाहा."

साऱ्यांच्या संगं म्हणजे काय, हे मी धम्मदीपला विचारलं. तो नव्या बाटल्या मोजत होता. म्हणाला, गावात सगळे एकमेकाला आठवण करून देतात मॅडम. माझ्याकडे न बघता म्हणाला.

उद्या बोरखेडला जाते.

२३ मे, शुक्रवार. अकोला

जसं झालं तसं लिहिते.

अकोटच्या एसटीने फाट्यावर उतरलो, मी आणि धम्मदीप. मी दुर्गाबाईंच्या घरी चला म्हटलं, तो मला शालू गावंडेच्या घरी घेऊन गेला. शालू गावची आशाताई, तिशीची, चटपटीत. तिच्या स्वयंपाकघरात फ्रिज. फ्रिजच्या दारात स्टीलच्या डब्यात पाच बाटल्या उभ्या. प्रत्येकीच्या गळ्याला लोकरीचा दोरा: लाल, हिरवा, पिवळा, निळा, पांढरा.

पाच पेशंट, एक फ्रिज. रोज सात वाजता पाचही जण शालूच्या ओट्यावर येतात, माना वर करून बसतात आणि ती एकेकाच्या डोळ्यात थेंब टाकते. तक्तेही तीच भरते. म्हणूनच अक्षर एक होतं. ते तक्ते तीन महिने माझ्या भिंतीवर आहेत.

दोरे कशाला, असं विचारलं तर शालूने माझ्याकडे नवलानं पाहिलं. "मॅडम, नंबर केवढा बारीक हाय. कधी मी घरी नसली तं या लोकायले कसा दिसन? डोळ्याचेच पेशंट हायत ना ते."

चौदा वर्षं मी या जिल्ह्यांतल्या लोकांना लहान-मोठी अक्षरं दाखवली. बाटलीवरचा नंबर पेशंटला वाचता येईल का, हे माझ्या मनात एकदाही आलं नाही.

शालूच्या भिंतीवर यादी होती: नाव, नंबर, दोरा. दुर्गाबाई, तेवीस, लाल. मी लाल दोऱ्याची बाटली उचलली. नंबर सत्तावीस. सत्तावीस नत्थुजींचा.

धम्मदीप खाली बसला.

शालूला समजेना. दर महिन्याला ती जुन्या बाटलीचा नंबर पाहून त्याच नंबरच्या नव्या बाटलीला तोच दोरा बांधत होती. कधीच चुकली नव्हती. मग आतून तिच्या सासूबाई आल्या, रुख्मिणीबाई. त्यांनीच सांगितलं, अगदी सहज. शालू मार्चच्या सुरुवातीला माहेरी चांदूर रेल्वेला लग्नाला गेली होती. फ्रिजमध्ये दही सांडलं. बाटल्या बरबटल्या. त्यांनी दोरे सोडले, बाटल्या धुतल्या, पुसल्या, दोरे उन्हात वाळवले आणि परत एकेक बांधला.

"कोणता कोणाले, हे पाहिलं नाही का, आई?" शालूने विचारलं.

"पाहाचं काय त्यात? साऱ्या तं एकासारख्याच होत्या."

बरोबरच आहे. एकसारख्या दिसाव्यात म्हणूनच तर त्या तशा बनवल्यात.

तीन दोरे योगायोगाने बरोबर बसले, दोन चुकले: दुर्गाबाईंचा आणि नत्थुजींचा. अडीच महिने दुर्गाबाई दुसऱ्याचं औषध घेतायत. शालू रडायला लागली, सासूबाईंना काय झालं ते कळेना. मी यादी हातात घेऊन ते दोन दोरे सोडले आणि बरोबर बांधले. तेवढंच सुचलं.

परतताना फाट्यावर एसटीची वाट बघत होतो, तेव्हा धम्मदीप बोलला. "मॅडम, आता दोरे जागेवर हायत. पुढच्या महिन्यात दुर्गामावशीचा दाब आपोआप खाली येईल. कोणाले सांगाचं काहून?"

एसटी आली. दोघांची तिकिटं मी काढली.

२४ मे, शनिवार

सोमवारी कुलदीप येतोय. नियम असा की असं काही आढळलं तर चोवीस तासांत कळवायचं. काल दुपारी तीनला आढळलं. आज दुपारी तीन वाजून गेले.

सांगितलं तर: चाचणी थांबेल. पुढची येणार नाही. अमोल, आचल यांचं काय? धम्मदीपला काढतीलच. त्याच्या दोन मुली आहेत, धाकटी यंदा शाळेत जाईल. शालूची आशाताईची मानाची जागा, गावात तिला काय तोंड राहील?

नाही सांगितलं तर: दोरे जागेवर आहेत. सोळा होता, परत सोळा होईल.

होईल ना?

तेवीस नंबरच्या बाटलीत नेमकं काय आहे हे मला माहीत नाही. पहिल्या महिन्यात लागू पडलं, एवढंच माहीत आहे. आणि मधल्या काळात जो डाग पडलाय तो वाढतोय की थांबलाय? डॉक्टरांनी आजच बघायला हवा. आज बघायचा तर आज सांगायला हवं. एका महिन्यानं बघायचा तर उजवा डोळा एक महिना माझ्या दोऱ्यावर सोडायचा.

२५ मे, रविवार

सकाळी अहवाल लिहायला घेतला. तिसऱ्या ओळीत लिहिलं: "क्षेत्र कर्मचारी धम्मदीप तायडे यांनी परस्पर पाच रुग्णांची औषधे एकाच घरी ठेवण्याची व्यवस्था केली." वाक्य चांगलं उतरलं होतं. खरंही होतं. "परस्पर" शब्दावर मात्र पेन अडलं.

तारखा बघायला म्हणून ही वही काढली. तेरा जानेवारीचं पान. माझंच अक्षर: फ्रिजवरून माणूस सोडायचा नाही, मार्ग काढा. खाली: त्याला फार समजवावं लागत नाही.

पुढची पानंही वाचली. वळणदार अक्षर. पाचही तक्त्यांत एकाच दिवशी अकरा अंश. नत्थुजींचा दाब जेवढा उतरतोय तेवढा दुर्गाबाईंचा चढतोय. सगळं मीच लिहिलंय, तारखेसकट. आणि चोवीस एप्रिल: खात्री आहे ना? हो.

तो कागद फाडला. नवा लिहिला. "सूचना माझी होती. एप्रिलमध्ये रुग्णाला बाहेर काढण्याचा डॉक्टरांचा निर्णय माझ्या सांगण्यावरून लांबला." मग डॉ. बोंडेंना फोन केला. त्या दारव्ह्याला बहिणीकडे होत्या. सगळं ऐकून एवढंच म्हणाल्या, "शुक्रवारी का नाही सांगितलंस?" आणि दुर्गाबाईंना आजच अमरावतीला आणा म्हणाल्या.

धम्मदीपला फोन केला. म्हटलं, अहवालात काय लिहिलंय ते तुम्हाला वाचून दाखवते. वाचलं. तो म्हणाला, जीप घेऊन निघतो.

२६ मे, सोमवार

कंपनीच्या परवानगीने दुर्गाबाईंचा आणि नत्थुजींचा नंबर उघडला. तेवीस: जास्त ताकद. सत्तावीस: कमी. म्हणजे लागू पडलेलं औषध अडीच महिने नत्थुजींच्या डोळ्यात जात होतं.

नेहमीचं औषध सुरू झालं. डॉ. बोंडेंनी स्वतः दुर्गाबाईंना समोर बसवून झालेली चूक सांगितली, माझ्यासमोर. दुर्गाबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. विचारलं, आखाडीले किती दिवस राहिले?

कुलदीपने भिंतीवरचे तक्ते काढून फाइलला लावले.

१२ जून, गुरुवार

नीतिसमितीची बैठक झाली. आमच्याकडे नवे पेशंट घेणं बंद. बोरखेडच्या त्या दोन पेशंटचे आकडे चाचणीत धरणार नाहीत. धम्मदीपला लेखी समज, नोकरी राहिली. आचल, अमोल डिसेंबरपर्यंत आहेत, पुढचं पुढे. शालूचं नाव अहवालात "स्थानिक मदतनीस" एवढंच आहे, ते मी मागून घेतलं.

मला सोमवारपासून पुन्हा नंबर काढायच्या खोलीत. खोलीत तीच खुर्ची आहे. उजव्या हाताशी किल्ल्यांनी पडलेला ओरखडासुद्धा.

८ जुलै, मंगळवार

परवा पौर्णिमा. आज दुर्गाबाई आल्या, सोबत सून माया. दाब सतरा. डाग तेवढाच आहे, वाढलेला नाही. गेलेलंही काही परत आलेलं नाही.

वाचायच्या चष्म्यासाठी त्यांना माझ्या खोलीत पाठवलं होतं. मला वाटलं दार बघून परत जातील. आत आल्या, बसल्या. पिशवीतून कापडात गुंडाळलेला ग्रंथ काढला आणि मांडीवर उघडला.

"याच्यावर पाहा," म्हणाल्या.

नवा नंबर घातला आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. एक पान पूर्ण. कुठे अडल्या नाहीत, आवाज मोकळा, विराम जिथल्या तिथे. कागदावर लिहायला पेन टेकवलं, तेवढ्यात त्यांनी पान मिटलं.

"हे नको लिहू. हे पान मले पाठ हाय. बारा वर्षं झाले वाचून राहिलो."

"मग वाचलं कशाला, मावशी?"

"तू आल्यापासून तोंड पाडून बसली. म्हटलं, हिले जरा बरं वाटू दे." त्यांनी चष्मा नीट केला. "आता खरं पाहा."

मी टेबलावरचा आजचा पेपर घेतला, आतल्या पानावरची बातमी समोर धरली. बातमी खतांच्या पुरवठ्याची होती, कोणाला पाठ असायचं कारण नव्हतं. दहा ओळी. त्या सावकाश वाचत गेल्या. नजर ओळ संपवून पुढच्या ओळीला परत येताना डावीकडचा शब्द हरवत होता. सापडला की पुढे. तीन ठिकाणी सापडलाच नाही. तिथे त्यांनी अंदाजाने शब्द घातला नाही, थांबल्या आणि म्हणाल्या, हे नाही दिसत.

माया शेजारी उभी होती. दुर्गाबाई तिला म्हणाल्या, "तू डाव्या बाजूनं बस जाय. जिथं मी थांबन, तिथं पहिला शब्द सांग."

मायाने मान हलवली.

मी कागदावर लिहिलं: दहापैकी सात.